भाताच्या शितांनी चिकटवलेली तिकिटं

आज माझ्या नावापुढे बी.ए. लागते ते नागभीडच्या एका बाईंमुळे. त्यांचे यजमान तिथे डाकबाबू होते. माझे गाव शाळेपासून लांब, घरात कोणी पाटीला हात लावलेला नव्हता. बाईंनी मला चार वर्षे आपल्या ओसरीवर ठेवून घेतले आणि दोन्ही वेळा जेवू घातले.

डाकबाबूंना पोस्टाच्या तिकिटांचा नाद होता. लोक त्यांच्याकडून पत्र वाचून घेत आणि रिकामा लिफाफा तिथेच सोडून जात. तो लिफाफा पत्र्याच्या पेटीत पडे. बाई म्हणत, "रद्दीच सांभाळत बसा. मी मेली तरी पत्ता लागणार नाई तुम्हाले." डाकबाबू नुसते हसत.

ते वारले तेव्हा मी सिरोंच्याला मास्तर होतो. तेराव्याला गेलो, तर बाईंनी ती पेटी माझ्यापुढे सरकवली.

"तू शिकला हायेस. नागपूरले जाऊन याचं मोल काढून आण."

"विकायची आहे का, बाई?"

"इकून काय करू? जलमभर त्याईले येडा म्हणलं मी. येडे होते का शायने, तेवढं मले समजू दे."

सिरोंच्यात सगळीकडे तेलुगू. शाळा सुटली की माझ्याशी बोलायला कोणी नसे. पावसाळ्यात नाले भरले, रस्ता बंद झाला, टपालही थांबले. सोबतीला पेटी होती. वाटले, बाईंचे काम नीटनेटके करावे. लिफाफे मळके, कोपरे कसरीने खाल्लेले. असली लक्तरे व्यापाऱ्यापुढे कशी न्यायची? मी एकेक तिकीट पाण्यात भिजवून सोडवले, वाळवले आणि जाड वहीत भाताच्या शितांनी चिकटवले. आमच्या धानाच्या मुलखात कागदाला कागद जोडायचा तर शितच लावतात. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले: हे निजामाचे, हे इंग्रजांचे. चिकटवताना मनातल्या मनात डाकबाबूंना विचारत असे, बरोबर ना? चार महिन्यांत माझे एवढेच काय ते बोलणे झाले. लिफाफे चुलीत गेले.

दिवाळीच्या सुटीत वही घेऊन नागपूरला गेलो. जुनी नाणी नि तिकिटे घेणारा एक म्हातारा व्यापारी होता. त्याने पान उलटले, एक तिकीट नखाने उचकून पाहिले.

"मास्तर, तिकिटाले भात काऊन चारला?"

मी ओशाळून हसलो. त्याने दोन तिकिटांवर बोट ठेवले. एक निजामाचे, एक इंग्रजांचे.

"हे दोन्ही एकाच लिफाफ्यावर होते काय?"

"हो. असे बरेच होते."

"लिफाफे कुठी हायेत?"

मी सांगितले. त्याने वही मिटली, पण हात तिच्यावरच ठेवला.

"सुटं तिकीट पोतंभर मिळते. पण निजामाच्या मुलखातून इकडे आलेला, दोन सरकारची तिकिटं, दोन्हीकडचे शिक्के, गावाचं नाव, असा अख्खा लिफाफा पाहाले मिळत नाई. ज्यानं ते कापले नाई, सोडवले नाई, तो जाणकार होता. कोण होता तो?"

मी त्याच्या हाताखालची वही काढून घेतली आणि उठलो.

धर्मशाळेत परतलो. खोलीत मी एकटाच होतो. बाईंना लिहिणे सोपे होते: बाजारात याला काही भाव नाही. त्यांनी कधी पडताळून पाहिले नसते. पण मग डाकबाबू त्यांच्या लेखी कायमचे वेडे ठरले असते, आणि मी शहाणा. दुसऱ्या दिवशी मी हे पत्र टाकले:

"ती. बाईंना साष्टांग नमस्कार. हे पत्र जो कोणी वाचून दाखवत असेल त्याने यातली एकही ओळ गाळू नये. व्यापाऱ्याला वही दाखवली. आता तिला मोल नाही. ते मोल लिफाफ्यांत होते, आणि लिफाफे मी सिरोंच्यात जाळले. तिकिटे भिजवून सोडवली तीही मीच, तुम्हाला न विचारता. डाकबाबूंनी इतकी वर्षे ते जसेच्या तसे ठेवले, तेच बरोबर होते. व्यापारी स्वतःहून म्हणाला की ठेवणारा माणूस जाणकार होता. तुम्ही विचारले होते त्याचे उत्तर हे आहे. मला रागवायचे असेल तर रागवा, पण पत्र लिहवून घेऊन रागवा. वही घेऊन मी नाताळात येतो. येऊ नको म्हणालात, तर टपालाने पाठवीन. आपला आज्ञाधारक."