एका ग्लासात तीन पुड्या

“सिस्टर, तुमची पावडर बोगस हाय. पिलं की पुन्हा पळावं लागतंय.”

सरपंच आबासाहेब माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या बाकड्यावर आडवे होते. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर अविश्वास ठराव होता. ते हजर नसले की त्यांचे दोन मेंबर पलीकडं सरकणार, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

सकाळी जुलाबांसाठी मीच ओआरएसच्या तीन पुड्या दिल्या होत्या. साखर-मिठाची पावडर. एका पुडीला एक लिटर पाणी.

“पाणी किती घातलं?”

“एक गिलास. तिन्ही पुड्या एकदाच,” त्यांच्या बाई म्हणाल्या. “पातळ पाजायला आमी काय भिकारी हाव?”

आमच्याकडं पाहुण्याला वरण घट्टच वाढतात. पातळ वाढलं की घराचं नाव जातं. बाईंनी औषधालाही तोच मान दिला होता.

मेडिकल ऑफिसरना फोन लावला.

“शुद्धीत आहेत? बीपी?”

“ठीक आहे, सर. गिळतायत.”

“मग नीट कालवून पाजा. दोन तासांत लघवी नाही झाली तर अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात पाठवा.”

“अंबाजोगाई?” आबासाहेब कण्हत उठले. “मंग ठराव झालाच की पास! सलाईनची बाटली लाव.”

“आबासाहेब, काकडीला मीठ लावलं की काय होतं?”

“पाणी सुटतंय.”

“तुमची आतडी म्हणजे काकडी.”

पेशीचा पडदा पाण्याला सहज सोडतो, मीठ-साखरेला अडवतो. जिकडं मीठ-साखर दाट, तिकडं पाणी ओढलं जातं, दोन्हीकडचा दाटपणा सारखा होईपर्यंत. आबासाहेबांच्या पोटात तीन पुड्यांचा पाक पडला. अंगातलं पाणी तिकडं धावलं आणि तसंच बाहेर गेलं. प्रमाणात कालवलं, तर आतडी स्वतःहून मीठ-साखर आत ओढतात आणि पाणी मागोमाग येतं.

माझा बाप यांच्याच शेतात सालगडी होता. त्यांच्या आतड्यांना काकडी म्हणणारी आमच्या घरातली मी पहिली. डिग्रीवालीही पहिलीच.

लिटरभर पाण्यात एकच पुडी कालवली. घोट घोट पाजत बसले. तब्येत विचारायच्या निमित्तानं विरोधी मेंबरही व्हरांड्यात येऊन बसले. पावणेदोन तासांनी मागच्या संडासातून आवाज आला.

“सिस्टर, झाली! लई झाली!”

मेंबरांचे चेहरे उतरले. दुसऱ्या दिवशी ठराव पडला. आबासाहेबांचे ते दोन मेंबर जागचे हलले नाहीत.

पुडीवर लिहिलेलं वाचावं, एवढाच धडा. आतड्याला सरपंच कळत नाही.

बाईंनी मला जेवायला बोलावलं. वरणात चमचा उभा राहत होता. मी पाण्याचा तांब्या पुढं ओढला.