यादीत तळाला
भाताच्या रोपांच्या जुड्यांचा कच्चा, चिखलट वास आला की युनियनच्या त्या पुढाऱ्याचं तोंड आठवतं आणि डोकं सणकतं. मालवाहतूक कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागायचं का, हे ठरवायला मी वेल्ह्याहून हायवेवरच्या त्यांच्या ऑफिसात गेलो होतो. माझा तेव्हाचा गाडीमालक हातात जास्त पैसे द्यायचा. पण इथं पीएफ होता, आणि मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी दवाखान्याचं कार्ड होतं. मी एवढंच विचारलं, "लावणीला आठ दिवस सुट्टी मिळंल न्हवं?" आमच्याकडं लावणी सावडीनं होते, तुम्ही दुसऱ्याच्या खाचरात राबलात, तरच तो तुमच्या खाचरात उतरतो. तिथं बसलेला युनियनचा पुढारी चहा फुरकत म्हणाला, "सुट्टी नोकरीच्या वर्सांवर. तुमी नवं, तुमचं नाव यादीत पार तळाला." "अठरा वर्सं ट्रक चालवतोय म्या!" "ती दुसऱ्याच्या दारात. हितं आजपासनं मोजायची." नोकरीचा कागद त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटलं, पण कार्ड आठवलं आणि सही केली. मधली कित्येक वर्षं लावणीला सुट्टी मिळालीच नाही, आज कंपनीच्या यादीत माझं नाव सगळ्यांत वर आहे. यंदा लावणीची सुट्टी पहिली मला मिळाली. रोपं उपटून ठेवली आणि शेजाऱ्याला हाक मारली, तर तो मान वर न करता म्हणाला, "आमच्यात कवा उतरला हुता तुमी? आता तुमची पाळी शेवटाला." आठव्या दिवशी मी ड्युटीवर परतलो, तेव्हा बांधावरच्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या.