बाई कोणत्या वेचणीच्या?

“पोरगी कोणत्या वेचणीची व माय?”

रजिस्टर उघडण्याआधी बाई त्या आईशेजारी भुईवर बसत आणि हेच विचारत. उमरखेडच्या अलीकडे, तांड्यावरच्या आमच्या शाळेत. आई म्हणे, “पहिल्या. सीतादह्याच्या तिसऱ्या दिवशी.” सीतादही म्हणजे कापूस वेचायला लागण्याआधी शेतात मांडायची पूजा. मग बाई विचारत, विहीर खोदली त्या साली का मागून? बोटांची पेरं मोजत आणि मगच जन्मतारीख लिहीत. एका आईपायी अर्धा तास!

मी त्यांच्या हाताखालचा मास्तर, चपळ माणूस. सगळ्यांना सरसकट एक जून. हसू नका, तुमच्या घरातले जुने दाखले काढून बघा, तिथेही एखादा एक जूनवाला निघेलच. बाई म्हणत, “मास्तर, ब्रह्मदेव बी एवढी घाई करत नाही.”

तांड्यातली एकही पोरगी शाळेत गेली नव्हती, तेव्हा बाईंनी ही शाळा काढली. आधी लिंबाखाली, मग छपरावर पत्र्याच्या टिना चढल्या. वेचणीला पोरी शेतात, तर बाईही फळा घेऊन शेतात. एकाने धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाकलून दिलं. बाई दुसऱ्या दिवशी पलीकडच्या धुऱ्याने आल्या.

एका जूनमध्ये त्या वसतिगृहाच्या कामाला यवतमाळला गेल्या होत्या. पट एका पोराने कमी भरत होता. पट भरला नाही की एक शिक्षक अतिरिक्त, आणि तो कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता. तेवढ्यात गेमसिंगची कविता भावामागे अंगणात आली. चार वर्षांची, नाक वाहतंय. मी तिला सहा वर्षांची केली. एक जून! माझी नोकरी वाचली. तिच्या याडीला, म्हणजे आईला, काही विचारलं नाही.

कविता हुशार निघाली. एसटीने उमरखेडला बारावीला जाणारी तांड्यातली पहिली पोरगी. शेवटचा पेपर झाला आणि गेमसिंग पेढे घेऊन शाळेत आला.

“मास्तर, जन्मतारखेचा उतारा द्या. एक जूनले अठरा पुरे होतेत. दोन जूनचं लगन धरलं.”

पेढा माझ्या तोंडात होता. मागे दाराशी कविता उभी, बाईंकडे बघत. “बाई, मले शिकवाचं हाय,” एवढंच बोलली. “तुमच्यासारखं.”

बाईंनी रजिस्टर काढलं, माझं वळणदार अक्षर बघितलं. “तिच्या याडीले इच्यारलं होतं?”

“नाही.”

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या. “चला. तुमीच सांगा आता.”

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख; त्याच्या घरापुढे माणसं जमली. बाई कविताच्या याडीशेजारी भुईवर बसल्या. “पोरगी कोणत्या वेचणीची व?”

“दुसऱ्या. शाळेवर टिना चढल्या त्या साली.”

ते साल बाईंना कोणी सांगायला नको होतं. पेरं मोजून झाली. “अठराले अजून दोन हंगाम हायेत, नायक.”

“मंग हे लिहिलं कोनं?” गेमसिंग उसळला.

“मी.”

“काहून?”

मी पट, अतिरिक्त, सगळं सांगितलं.

“वा मास्तर! तुमी नोकरी वाचवली अन् माही पोरगी दोन वर्सं म्हातारी केली!”

सगळे हसले. सवयीने मीही हसणार होतो. बाईंकडे बघितलं आणि राहून गेलं. तारीख सुधारायचा अर्ज त्यांनी तिथेच, बाजेवर बसवून माझ्याकडून लिहून घेतला. त्यातल्या ‘माझी चूक’ या शब्दांवर पुढे मला कारणे दाखवा नोटीस आली. आयुष्यात मी लिहिलेला तेवढाच खरा कागद.

नायकाने लग्न थांबवायला लावलं. पाव्हणे काही महिने थांबले, मग त्यांनी दुसरीकडे जमवलं. गेमसिंग वर्षभर माझ्याशी बोलला नाही. कविता आता त्याच शाळेत शिकवते. भुईवर बसूनच नावं दाखल करते.

बाई या हिवाळ्यात गेल्या. मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरायला लोकांनी मलाच बसवलं; अक्षर चांगलं ना! बाईंचा जुना दाखला समोर होता. जन्मतारीख, एक जून.

मी लिहायला लागलो. कविताने हात धरला.

“सर, थांबा. बाई कोणत्या वेचणीच्या?”

बाईंच्या ओसरीवर वेचणी सोडून आलेल्या बाया बसल्या होत्या, काहींच्या कापसाच्या ओट्या अजून कमरेलाच. त्यातल्या कितीतरी जणींचा जन्म बाईंनी पेरांवर मोजला होता. मी एकेकीकडे बघत गेलो. कविताची याडी तोंडावर पदर धरून म्हणाली, “आमी तिले कधी इच्यारलंच नाही.”

मी पेनाला टोपण लावलं.