कलहातचा हम्माम

मुलीला शाळेत प्रोजेक्ट होता, रोमन लोकांच्या सार्वजनिक स्नानगृहांवर. ओमानमध्ये रोमन कुठले! पण सूरच्या रस्त्याला, समुद्राकाठी, कलहात नावाचं जुनं बंदर पडीक झालंय आणि तिथं एक हम्माम खणून काढलाय, हे तिनं शोधलं. शुक्रवारी सकाळीच निघालो.

आदल्याच दिवशी नवऱ्याला कंपनीनं 'खलास' म्हणून सांगितलं होतं. चौदा वर्षं तो मस्कतच्या गाला भागातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. दहावीची परीक्षा होईपर्यंत मुलीला कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

वाटेत तो तीनदा थांबला. एकदा पेट्रोलसाठी, टाकी जवळजवळ भरलेली असताना.

हम्माम म्हणजे गुडघाभर भिंती आणि फुटकी जमीन. मुलगी उकिडवी बसून सांगू लागली, "बाबा, इथे खाली आग असायची. मग फ्लोअर गरम. रोमन लोकांचं पण सेम."

त्याचं लक्षच नव्हतं. फोन काढायचा, बघायचा, खिशात टाकायचा, पुन्हा चार पावलं चालायचा. मी डोळ्यांनी दटावलं, पण माझाही पाय एका जागी ठरत नव्हता.

"पुढच्या इयरला आपण जॉर्डनला जाऊ या? तिथे रिअल रोमन बाथ आहेत."

"पुढच्या वर्षी आपण इथं नसू!" तो ओरडला.

मी डोळे मिटून घेतले.

"मला माहितीये," ती हळूच म्हणाली. "तुम्ही किचनमध्ये बोलत होते. मी ऐकला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायचं होतं ना, बाबा."

तो तिथल्याच एका भिंतीवर बसला. तोंडावरून हात फिरवत राहिला. तिनं पर्समधून मेजरिंग टेप काढून एक टोक त्याच्या हातात दिलं. "हे पकडा. मला खोलीची लांबी पाहिजे." दोघांनी मिळून दोन खोल्या मोजल्या. एक आकडा तर त्यानं दोनदा चुकीचा वाचला.

दीड महिन्यानं त्याला तीन तासांवरच्या इब्री गावात काम मिळालं. परीक्षा होईपर्यंत आम्ही दोघी मस्कतमध्येच आहोत. दर गुरुवारी संध्याकाळी त्याची गाडी खाली लागेपर्यंत मी गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये येरझारा घालते.

"आई, बस ना," मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणते.