पन्नाशीचा बॉय

"बॉय, गो!"

बार झाला, बदकांचा थवा उडाला, एक बदक पाण्यावर उलटं पडलं आणि गोरा साहेब एवढंच बोलला. माझा बाप डोंग्याच्या, लाकडी होडीच्या, टोकाला उकिडवा बसला होता. पुसाचा महिना. नवेगावच्या बांधावर, आमच्याकडे तलावालाच बांध म्हणतात, सकाळी पाण्यातून वाफ निघते, तसली थंडी. बापानं डोक्याचा दुपट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि पाण्यात उतरला. पोहत गेला. बदकाची मान धरून परत आला. साहेबानं वाकून आधी बदक वर घेतलं. बाप डोंग्याची कड धरून तसाच पाण्यात लटकून होता. साहेबानं बदक चाचपलं, खूश झाला आणि म्हणाला, "गुड बॉय."

बंगल्यावर सोबत आणलेल्या कुत्र्यालाही तो हेच म्हणायचा. मी ऐकलं होतं.

माझा बाप तेव्हा पन्नाशीला टेकला होता. माझ्या थोरल्या बहिणीला लेकरं झाली होती, म्हणजे तो आजोबा होता. नाव सोमा. हे नाव त्या बंगल्यात कोणी कधी घेतलं नाही.

आम्ही ढीवर. मासे धरायचे, शिंगाडा लावायचा, पाण्यावर जगायचं. बांधाच्या काठी टेकाडावर सरकारी बंगला होता, शिकारीला येणारे साहेब तिथं उतरत. बंगल्याच्या मागं, सरकारच्याच जागेत, आमची झोपडी. बापाचं काम सांगायला सोपं. साहेबांना डोंग्यातून फिरवायचं. पडलेलं बदक पाण्यात उतरून आणायचं. आणि परत येताना साहेबाला पाठुंगळी घेऊन काठावर आणायचं. हिवाळ्यात काठाजवळ पाणी उथळ होतं, गाळ असतो, डोंगा काठाला टेकत नाही. साहेबाचे बूट खराब व्हायला नको. मग बाप गाळात उभा राहून पाठ वाकवायचा आणि साहेब चढायचा. बुटांच्या टाचा बापाच्या फासळ्यांना लागत. रात्री माय तिथं तेल चोळायची. याच्या बदल्यात आम्हाला झोपडी होती आणि बांधात जाळं टाकायची मुभा होती. कागदावर काहीच नाही. साहेबाचा शब्द, बस.

आता आमच्या ढिवरटोलीची, म्हणजे ढिवरांच्या वस्तीची, अक्कल ऐका. टोलीला वाटायचं, बॉय ही पदवी आहे. पाटील असतो, कोतवाल असतो, तसा बॉय. सरकारी हुद्दा. टोलीतली माणसं बापाला "बॉयजी" म्हणत. पंगतीत त्याला आधी बसवत. माझ्या बहिणीची सोयरीक ठरली तेव्हा पाहुण्यांना सांगितलं, पोरगी बॉयच्या घरची आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या. माझा बाप हुरळून जायचा. मीही छाती काढून फिरायचो. अपमान आम्ही डोक्यावर मंदिलासारखा बांधला होता आणि वर आरशात पाहून घेत होतो. हसू नका. ज्याला दुसरं काहीच दिलं नाही, तो जे दिलं त्यालाच दागिना समजतो.

पुढं मला मामाकडे अर्जुनीला शिकायला ठेवलं. इंग्रजीच्या पुस्तकात पहिल्याच पानांत एक चित्र होतं. अर्ध्या चड्डीतला गोरा पोरगा, हातात चेंडू. गुरुजी म्हणाले, बॉय म्हणजे मुलगा. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "गुरुजी, माहा बा बॉय हाये."

गुरुजींनी बापाचं वय विचारलं. मी सांगितलं. सगळा वर्ग हसत सुटला. गुरुजीही तोंडावर हात धरून हसले. त्या दिवसापासून शाळेत माझं नाव गेलं. बॉयचा पोट्टा. पोट्ट्याचा पोट्टा. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बापाला सांगितलं. म्हटलं, बा, बॉय म्हणजे पोट्टा. बाप जाळं विणून राहिला होता. हात थांबला. मग म्हणाला, "इंग्रजीत असन. बंगल्यात नाई."

आणि पुन्हा विणायला लागला. मला त्याचा राग आला. त्याला कळत नव्हतं म्हणून नाही. त्याला कळलं होतं, म्हणून.

स्वातंत्र्य आलं. शाळेत झेंडा लागला, आम्हाला लाडू मिळाले. गोरा साहेब निघून गेला. आता आपला साहेब येणार म्हणून बापानं आंघोळ करून नवं धोतर नेसलं, केसाला तेल लावलं आणि बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. मायला सांगून गेला होता, हा आपल्या बोलीचा माणूस आहे, हा नाव विचारेल. आपला साहेब आला. जीपमधून उतरला, बांधाकडे पाहिलं, लांब श्वास घेतला आणि चपराशाला विचारलं, "बॉय कुठाय?"

बाप पुढं झाला. हात जोडले. नाव सांगितलंच नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. बापाची छाती धरायला लागली होती. पाण्यातून वर आला की खोकला थांबत नसे. मग मी डोंगा हाकायला लागलो, लग्न झालं, बायको त्याच झोपडीत आली. बापाला एकच घोर. आपल्यामागं हे काम कोणाचं? काम गेलं तर झोपडी जाईल, झोपडी गेली तर जाळं जाईल. मग खाणार काय? त्याच्या मनात आलं, आपण उभे आहोत तोवर साहेबाच्या कानावर घालावं आणि पोराला बॉय करून घ्यावं. बायकोच्या माहेरीही तसंच सांगून ठेवलेलं. मला विचारलं कोणी नाही. मीही नाही म्हटलं नाही. कुठं जाणार होतो? मागं बंगला, पुढं पाणी.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी साहेबासोबत एक पाहुणे होते. नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. स्वभावानं वाईट नव्हते. मला थंडी वाजते का, असंही विचारलं त्यांनी. दोन डोंगे जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यावर दोघांच्या खुर्च्या. मागं मी बांबू घेऊन उभा. पुढं बाप. साहेब म्हणाला, बॉय, थर्मास. बापानं थर्मास दिला. ते पाहून प्राध्यापकांना काही आठवलं.

"गंमत सांगतो," ते म्हणाले. "आपण समजतो बॉय म्हणजे मुलगा. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नोकर. हलका माणूस. मुलगा हा अर्थ मागाहून चिकटला. काही पंडित तर म्हणतात, त्याच्याही मागं लॅटिनमधला बेडीचा शब्द आहे. पायात बेडी घातलेला, तो बॉय. अर्थात, नक्की कोणालाच ठाऊक नाही."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. आपल्या देशात गोऱ्यांच्या पालख्या भोई उचलत, तो भोई शब्दही यात मिसळला असावा असं काही जण मानतात. भोई म्हणजे आमच्याच सोयऱ्यातले. इकडून धरा की तिकडून धरा, सापडत आम्हीच होतो.

साहेब हसला. कप बापाकडे दाखवून म्हणाला, "म्हणजे आमचा म्हातारा मूळ अर्थानंच बॉय आहे की."

दोघंही हसले. प्राध्यापक जरा कमी हसले, एवढंच. बापाला त्यांची पुस्तकी बोली उमगली नाही. मागं वळून त्यानं मला हळूच विचारलं, काय म्हणून राहिले? काय सांगायचं होतं? बा, तुझी पदवी म्हणजे बेडी, हे? मी पाण्याकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात बार झाला. बदक पडलं, शिंगाड्याच्या वेलांपलीकडे. बाप उठला, पण पाण्यात उतरला नाही. साहेबाकडे वळून हात जोडले आणि जे कितीतरी दिवस घोकून ठेवलं होतं ते बोलला. "साहेब, आता हा जाते. माहा पोरगा. आजपासून हाच तुमचा बॉय."

साहेबानं मला पायापासून वर पाहिलं. बैल पाहतात तसं. मग मान हलवली. "ठीक आहे. बॉय, गो."

तेच दोन शब्द. मी हललो नाही. धीट होतो म्हणून नाही, घाबरलो होतो. पण पाय उचलेना. बाप म्हणाला, "जाय ना रे. कायले उभा हायेस?" साहेबानं विचारलं, याला ऐकू येत नाही काय?

मी म्हणालो, "मले नाव हाये, साहेब. नावानं सांगा."

मला वाटलं, साहेब चिडेल, मारेल. त्यानं तसलं काही केलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बापाकडे वळला आणि म्हणाला, "बॉय, तू जा."

आणि माझा बाप गेला. दुपट्टा सोडला, कोणाच्या हातात न देता फळीवर टाकला आणि उतरला. मी नाही म्हटल्याचा दंड त्याच्या छातीवर बसला. फास असाच बांधलेला असतो, एकानं मान काढली की दुसऱ्याची आवळते. वेलांपाशी पोचायच्या आत त्याला खोकला सुरू झाला. तोंडात पाणी जाऊ लागलं. मी बांबू मारला, डोंगा त्याच्यापाशी नेला, काखेत हात घालून त्याला वर ओढला. बदक तिथंच राहू दिलं. साहेब बदक, बदक म्हणत राहिला. मी डोंगा काठाकडे वळवला.

गाळ लागला तसा साहेब सवयीनं उठून उभा राहिला. बंदूक खांद्याला अडकवली. दोन्ही हात पुढं केले, पाठीची वाट पाहत. मी गाळात उतरलो. डोंग्याकडे पाठ करून वाकलो आणि बापाला पाठुंगळी घेतलं.

तो थरथरत होता, अंगात वजन म्हणून नव्हतं. काय झालं ते कळायला त्याला वेळ लागला. मग माझ्या खांद्यावर मुठी मारायला लागला. "उतरव मले. साहेब डोंग्यातच हायेत."

"राहू दे," मी म्हणालो. "पाय हायेत त्यायले."

मागून साहेब ओरडत होता. बॉय! बॉय! दोघांतल्या कोणाला, कोण जाणे. प्रत्येक हाकेला माझ्या पाठीवरच्या बापाची मान मागं वळत होती, ते मला जाणवत होतं. मी चालत राहिलो.

संध्याकाळच्या आत चपराशी आला आणि झोपडी खाली करायला सांगून गेला. बांधातलं जाळंही काढायला लावलं. आम्ही बहिणीच्या गावी गेलो. मी दुसऱ्याच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, चिखल केला, तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या भिंतीवर, माती टाकली. बाप माझ्याशी बोलला नाही. त्या उन्हाळ्यात गेला. जाण्याआधी त्यानं बहिणीला विचारलं, बंगल्यावर आता कोण हाये? माझा चुलतभाऊ होता. टोलीनं त्याला बॉयजी म्हणायला सुरुवातही केली होती. हे ऐकून बापाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मला कोणी शाबासकी दिली नाही आणि मला ती नको. बायकोनं पुष्कळ दिवस टोमणे मारले, तिचंही चुकलं नाही. तिच्या घरातली चूल मी विझवली होती.

पुढं गोंदियाला आलो, लाकडाच्या वखारीत लागलो. इथं बाजारात, हॉटेलात, स्टेशनावर दिवसभर तीच हाक. ए बॉय. पांढऱ्या मिशांची माणसं धावत जातात. मला कोणी हाक मारली की माझी मान अजूनही आधी वळते. बापाची वळायची तशीच. ती मी तोडू शकलो नाही. पण पाय उचलत नाही. ज्याला माझ्याशी काम आहे त्यानं चालत यावं, समोर उभं राहावं, नाव विचारावं. मालक असो, साहेब असो, कोणी असो. तोवर मी जागचा हलणार नाही.