दाजींनी मोजलेलं अंतर

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, शिंपी. हात चांगला होता, तेवढं कबूल करतो. पण गळ्यात टेप अडकवल्यापासून जगात आपल्याला मापता येणार नाही असं काही नाही, हा त्यांचा पक्का समज. मुलगी दूरदेशी नोकरीला गेली आणि त्यांनी कापायच्या टेबलामागे जगाचा नकाशा लावला. पँटची उंची कमी करायला आलेल्या माणसाला आधी नकाशावर टेप धरून दाखवायचे. "सरळ रेषेत नऊ तास!" पृथ्वी गोल आहे हे त्यांच्या कानावर गेलं असावं, त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. गिऱ्हाइकं माना डोलवायची, कारण कपडा दाजींच्या ताब्यात असायचा.

पुढे ताईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. जन्मात काही न मागणाऱ्या ताईने एकच हट्ट धरला. "आत जायच्या आधी मला पोरीचं तोंड बघू दे."

भाचीचा निरोप आला, बुधवारी रात्री दहाचं विमान मिळालंय. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी दुपारी करू नाहीतर शनिवारी, तुम्ही सांगाल तसं. दाजींनी बोटांवर हिशेब केला. रात्री दहाला निघणार, सकाळी सातला हजर. "गुरुवारच धरा," ते ऐटीत म्हणाले.

"दाजी, तिकडची घड्याळं आपल्या मागे असतात," मी म्हटलं. "तिला एकदा विचारा तरी."

"घड्याळ मागे असेल हो, विमान काय मागे उडतं?" स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले. "आणि मुलगी माझी आहे की तुमची?"

गुरुवारी सकाळी ताईने नर्सकडून केस विंचरून घेतले. दाजी दवाखान्याच्या फाटकात उभे, मी शेजारी. साडेसातला त्यांचा फोन वाजला.

"बाबा, आत्ता विमानात बसले. मध्ये एक विमान बदलायचंय. तुमच्याकडे शुक्रवारी सकाळी पोचते. आईला म्हणावं, मी आल्याशिवाय आत जायचं नाही."

दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला कीव यायला हवी होती, आली नाही. मी म्हटलं, "वर जाऊन ताईला खरं सांगा. मी डॉक्टरांना थांबवतो." डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. मी दुपारपर्यंत दाराबाहेर ताटकळलो, भेटेल त्याच्या विनवण्या केल्या, कुणी दाद देईना. परत आलो तर ताईचा पलंग रिकामा. नर्स म्हणाली, "त्या जायला तयारच नव्हत्या. मग त्यांच्या यजमानांनी सांगितलं, मुलगी खाली आली आहे, सामान उतरवतेय. तेव्हा कुठे हसल्या."

म्हणजे आपलं गणित चुकलं हे बायकोसमोर कबूल करण्यापेक्षा या गृहस्थाला हे सोपं वाटलं. आजही त्या माणसाकडे पाहिलं की माझं डोकं सणकतं.

ताई परत आली नाही.

शुक्रवारी विमानतळावर भाची बाहेर आली आणि आमचे चेहरे पाहून जागीच खिळली.

"आई थांबली नाही माझ्यासाठी?"

"थांबलीच होती ग," मी म्हटलं. "तिला सांगितलं, तू आली आहेस."

तिने वळून बापाकडे पाहिलं. दाजी तिची बॅग हातात घेत म्हणाले, "मध्ये विमान बदलायला नको होतं तू. सरळ आली असतीस तर नऊच तास लागतात."