दोन मिणमिणते बल्ब

कुठलाही नवा बल्ब लावला की चाचा आधी त्याच्याजवळ पालथा हात धरायचे. मग म्हणायचे, "तार करंटला अडवती, म्हनून तापती. तापती, म्हनून उजळती. तुमी नुसता उजेड बगता, राव."

आमच्या पिंपरीच्या कंपनीत ते वायरमन होते. तुमच्याही खात्यात असा एखादा असेलच, ज्याचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मी तर त्यांच्या पाठीमागे नक्कलसुद्धा करायचो.

मग माझी मुलगी सातव्याच महिन्यात जन्मली. मूठभर जीव. डॉक्टर म्हणाले, ऊब द्या, बाकी काही आपल्या हातात नाही. मी मोठा शहाणा, तिला खोक्यात ठेवून वर दोनशे वॅटचा बल्ब टांगला. कंपनीत ही बातमी ऐकून चाचा सायकलवरून पिंपळे गुरवला आमच्या खोलीवर आले. बल्ब उतरवला आणि बायकोसमोर मला झापलं, "पोर भाजायची हाय का?"

कॅरिअरला त्यांनी एक जुनी लाकडी पेटी बांधून आणली होती. आत शंभर वॅटचे दोन बल्ब, एकामागे एक जोडलेले. करंटला दोन्ही तारांतून वाट काढावी लागे, त्यामुळे तो कमीच जाई आणि दोन्ही बल्ब लालसर मिणमिणत.

"चाचा, हे तर धड जळतही नाहीत," मी म्हणालो.

"असंच जळू दे. जोरात जळनारा कवा उडंल सांगता येत न्हाई. हे उडायचे न्हाईत."

पुढे महिनाभर पाळी सुटली की ते यायचे, पेटीत पालथा हात धरायचे, झाकण बोटभर सरकवायचे. चहाला कधी थांबले नाहीत. एकदा भर दुपारी लाईट गेली तेव्हा बायकोला म्हणाले, "छातीशी धर पोरीला. मानूस बी तापतोच की."

पोर वाचली. त्या माणसाची नक्कल पुन्हा मला कधी करवली नाही. पेटी मात्र त्यांनी परत नेली नाही.

चाचा गेले तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. चाचींना भेटायला गेलो आणि पेटीचं सांगत बसलो. त्या म्हणाल्या, "आमच्या लेकासाटी केलती ती. तवा एकच बल्ब हुता, पुरा जळनारा. मी तापात पडलेली, हे कंपनीत. बल्ब उडाला. हे आले तवा पेटी गार हुती."

घरी येऊन मी माळ्यावरून पेटी काढली, वायर लावली. दोन्ही बल्ब लागले.

"बाबा, ह्यात उजेड कुठाय?" मुलगी म्हणाली.

मी तिचा हात धरला, पालथा केला आणि पेटीत धरला.